लांडगा न आल्याचे पेढे

पैसे बुडाल्याबद्दल पेढे वाटणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू होता. नफ्याचे पेढे काय, कोणीही वाटतं. आमचे साडू महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी बाजार बंद होण्याची वाट बघायचे, आपले पैसे पुरते बुडाले याची फोनवरून दोनदा खात्री करून घ्यायचे आणि मगच हलवायाच्या दुकानाची पायरी चढायचे. मग पुडा काखेत मारून आखाडा बाळापूरच्या बसस्टँडपासून जनावरांच्या दवाखान्यापर्यंत जो भेटेल त्याच्या हातावर अर्धा पेढा. अर्धाच, कारण उरलेला अर्धा 'न जाणो, कोणी राहिलं असलं तर' म्हणून राखीव ठेवायचा. कशाचे हो पेढे, असं एखाद्या नवख्यानं विचारलं की सांगायचे, "लांडगा आला न्हाई, त्याचे." नवखा माणूस इकडं तिकडं बघायचा, पेढा तोंडात टाकायचा आणि निमूट चालू लागायचा. वेड्यानं दिला म्हणून पेढा काही कडू लागत नाही.

गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं, पण ते डॉक्टर नव्हते. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ते पट्टीबंधक होते. खरे डॉक्टर नांदेडहून आठवड्यातून दोनदा यायचे, बाकीचे दिवस सगळी गुरंढोरं यांच्याच हवाली. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली, म्हणून ते माझे साडू. हे नातं मोठं चमत्कारिक असतं. भावकीशी भांडता येतं, मेहुण्याची चेष्टा करता येते, साडूशी मात्र जन्मभर तुलनाच होते. आमच्या घरात ती तुलना पहिली पंधरा-सोळा वर्षं माझ्या बाजूनं सुटत आली. मी हिंगोलीच्या कचेरीत कारकून, इस्त्रीचा शर्ट खोचून जाणारा. त्यांच्या अंगाला कायम फिनेलचा आणि शेळीचा वास. माझी बायको म्हणायची, तुमचं डोकं जाग्यावर तरी आहे. या वाक्याचा मला त्या काळी फार अभिमान होता, आता आठवलं की लाज वाटते.

कशाचाच एकट्यावर भरवसा ठेवायचा नाही, हा त्यांचा स्वभाव. पँटला पट्टा असायचा आणि पट्ट्याच्या खाली करदोटाही पँटच्या लुपातून ओवलेला असायचा. खिशात दोन पेन, पिशवीत दोन छत्र्या. एस.टी.त बसायचं ते संकटकालीन दरवाजाशेजारी, मग ती सीट फाटकी असो की तिच्यावर कोणाची कोंबडी असो. त्यांच्या लग्नाची गोष्ट तर त्यांच्या गावी, डोंगरकड्यात, अजून सांगतात. या माणसानं स्वतःच्या लग्नाला दोन भटजी बोलावले होते. एक मांडवात, आणि एक बाहेर लिंबाच्या झाडाखाली राखीव. मांडवातल्या भटजींना काही झालं नाही, मंगलाष्टकं ठणठणीत पार पडली. तरी नवरदेव अक्षता झटकत बाहेर गेला आणि झाडाखालच्या भटजींच्या हातावर पूर्ण दक्षिणा ठेवून म्हणाला, "म्हाराज, तुमी लागले न्हाई, लई बरं झालं." सासरेबुवांनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता. पण याच जावयावर पुढं त्यांचा सगळ्यात जास्त भरवसा बसला, हेही खरं.

या स्वभावाचं मूळ डोंगरकड्याच्या मेंढवाड्यात होतं. आम्ही सगळेच मेंढरं राखणाऱ्यांच्या घरचे. माझे वडील नोकरीच्या पाठीमागं हिंगोलीला आले, त्यामुळं मी मेंढरू पाहिलं ते बाजारात. साडूंचं बालपण मात्र वाड्यावरच गेलं. तिथली रीत अशी, की तव्यावरची पहिली भाकर कुत्र्याची. घरच्या म्हाताऱ्याआधी, तान्ह्या लेकराच्या आईआधी, कुत्र्याची. त्यांच्या एका चुलत्यानं म्हणे ही रीत मोडली होती. चार वर्षं लांडगा दिसला नाही, तेव्हा फुकट भाकरी कशाला घालायची म्हणून त्यानं ती अर्धी केली, मग चतकोर केली. कुत्रं शहाणं, ते उठून शेजारच्या वाड्यावर गेलं. त्याच हिवाळ्यात लांडग्यानं वाडा धुऊन नेला. ही गोष्ट सांगताना साडूंचा आवाज अजून कापायचा, चुलता कुणी परका असावा इतक्या रागानं ते त्याला शिव्या घालायचे.

ब्याण्णव साली साऱ्या देशाला शेअरचं वारं लागलं, ते बाळापुरापर्यंतही आलं. कंपाउंडर, मास्तर, ग्रामसेवक, सगळे शेअरचे कागद गादीखाली घालून झोपायला लागले. आमच्या साडूंनीही घेतले. मग बाजार कोसळला आणि त्यांचे साठवलेले पैसे गेले ते गेलेच. सगळ्यांनी नशिबाला बोल लावला, सरकारला लावला. हे मात्र रजा टाकून डोंगरकड्याला गेले, चार दिवस मेंढरांमागं हिंडले आणि परत येऊन म्हणाले, "मेंढरं व्हती, कुत्रं नव्हतं. चूक माझी हाय." त्यानंतर आठ-नऊ वर्षं ते बाजाराचं कुत्रं शोधत होते. नांदेडहून एस.टी.नं एक इंग्रजी पेपर एक दिवस शिळा यायचा, तो शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचे. एका हातात पेपर, दुसऱ्या हातानं बोकडाचा पाय धरलेला, आणि तोंडानं आदल्या दिवशीचा बाजारभाव. बोकडालाही त्याची सवय झाली असावी.

आणि एक दिवस ते कुत्रं त्यांना सापडलं. मुंबईच्या बाजारात निर्देशांकावरचे ऑप्शन सुरू झाले, त्यातला 'पुट' नावाचा प्रकार. मला त्यांनी तो दवाखान्याच्या ओट्यावर बसून समजावला होता. आपल्याकडं शेअर आहेत, ती आपली मेंढरं. बाजार ठरलेल्या पातळीच्या खाली गेला तर झालेली तूट भरून मिळेल, असा करार म्हणजे पुट. त्याची किंमत आधी मोजायची. महिनाअखेरच्या गुरुवारपर्यंत बाजार पडला नाही, की करार मेला आणि मोजलेले पैसे गेले. मी म्हटलं, म्हणजे दर महिन्याला पैसे पाण्यात. ते भडकले. पाण्यात नाही, कुत्र्याच्या पोटात, असं त्यांनी मला बजावलं. भाकर कुत्र्याच्या पोटात गेली आणि मेंढरं शाबूत राहिली, याला बुडणं म्हणत नाहीत, याला सण म्हणतात. तेव्हापासून पेढे सुरू झाले.

आता सुभद्राचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिच्यापाशी येऊन थांबतं. सासऱ्यांना तीन मुलीच. थोरली साडूंना दिली, मधली मला, आणि धाकटी सुभद्रा लहानपणी पोलिओनं एका पायानं अधू झाली. तिनं लग्न केलं नाही, कुणी करून घ्यायला आलं त्याला तिनंच परत पाठवलं. हिंगोलीत एका खोलीत शिलाई मशीन टाकून ती पोलकी शिवायची आणि मुलींना शिवण शिकवायची. दोन-अडीच वर्षांनी घरमालक खोली मागायचा, मग मशीन हातगाड्यावर आणि सुभद्रा मागं कुबडीवर. तिला बहिणींकडं राहायचं नव्हतं. तिला स्वतःचं घर पाहिजे होतं. "माझ्या दाराला माझी कडी," एवढंच ती म्हणायची. सासऱ्यांनी जाताना वावर विकून आलेले पैसे तिच्या घरासाठी म्हणून आम्हा दोघा जावयांच्या हवाली केले. बँकेत ते घरांच्या किमतीच्या पुढं पळत नव्हते, म्हणून साडूंनी ते शेअरमध्ये घातले आणि त्यावर पहिल्या दिवसापासून कुत्रं बांधलं. सुभद्राला विचारलं तेव्हा ती मशीन न थांबवता म्हणाली, दाजी, तुमाला बराबर वाटतं तसं करा.

पुढं हिंगोलीतच शेअरचं दुकान निघालं. एक शेठ, दोन संगणक, आणि भिंतीला टेकून बसलेली आठ-दहा रिकामी माणसं. साडू दर गुरुवारी अर्धी रजा टाकून तिथं यायचे आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून भीती मोजायचे. होय, भीतीच. त्यांनी तिचा आकडा काढला होता, शून्यापासून शंभरापर्यंत. 'अजून किती वाढंल' असं विचारणारा माणूस आला की एक वजा, 'बुडंल का हो' विचारणारा आला की एक जमा. समोरचा न्हावी दाढी करता करता शेअरची नावं सुचवायला लागला की सरळ दहा वजा. घरी गेल्यावर तो आकडा ते कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं लिहायचे. बायकोच्या साड्या एकीकडं आणि जिल्ह्याची भीती एकीकडं. मी एकदा हसलो, तेव्हा त्यांनी मला शांतपणे सांगितलं, "साडूभाऊ, लोकं भेत न्हाईत तवा भ्या सस्तं असतं. तवाच घिऊन ठिवावं. लांडगा दिसल्यावर कुत्रं इकत घ्यायला गेलं तर मेंढीपरीस महाग पडतं."

दोन हजार सहाच्या सुमाराला त्यांच्या त्या शिळ्या पेपरात बातमी आली, की अमेरिकेत भीतीचा खराखुरा निर्देशांक आहे आणि आता त्याच्यावरचे ऑप्शनसुद्धा विकतात. बाजार पडला की लोक घाबरतात, लोक घाबरले की तो निर्देशांक चढतो, आणि ज्यानं आधी स्वस्तात भीती घेऊन ठेवली त्याची भरपाई होते. त्या दिवशी दवाखान्यात आलेल्या तीन शेळ्या पट्टी न बांधता परत गेल्या. साडू पहिल्या एस.टी.नं हिंगोलीला आले आणि त्यांनी शेठला भीतीचे ऑप्शन मागितले. शेठ म्हणाला, "डॉक्टर, डर का सौदा इधर नहीं होता." साडू म्हणाले, "सगळे सौदे डराचेच हायेत शेठ. तुमी फकस्त पाटी लावत न्हाई." मग त्यांनी मुंबईला पत्रं लिहायला सुरुवात केली. आंतर्देशीय पत्रावर, जनावरांच्या नोंदवहीतल्या अक्षरात: अमेरिकेतल्या माणसाला भीती विकत मिळते, हिंगोलीच्या माणसाला काहून मिळू नये, याचा खुलासा व्हावा. दर महिन्याला एक पत्र. उत्तर एकालाही आलं नाही, आणि त्यांचा सूर एका पत्रानंही खाली आला नाही.

तोपर्यंत पाच वर्षं बाजार चढतच होता. पाच वर्षं दर महिन्याला पुट मेला, दर महिन्याला पेढे वाटले गेले. दुकानातल्या लोकांना तमाशाच मिळाला. डॉक्टर आले की कोणीतरी यू-यू करून कुत्र्याला बोलावल्यासारखं करायचं आणि सगळे खिंकाळायचे. हे त्यांच्याकडं बघून आकड्यातून एकेक वजा करत बसायचे. घरच्यांचाही धीर सुटत चालला होता. दोन हजार सातच्या दिवाळीला आम्ही सगळे सुभद्राच्या खोलीवर जमलो होतो. तिनं दोन खोल्यांचं एक घर बघितलं होतं, इसार दिला होता, आणि बाकीची रक्कम गुढीपाडव्याच्या आत भरायची होती. नाही भरली तर घरही गेलं आणि इसारही गेला. त्या बैठकीत मीच विषय काढला. म्हटलं, पाच वर्षं कुत्र्याला घातलं ते मोजलं असतं तर सुभद्राचं स्वयंपाकघर झालं असतं, आता पाच महिन्यांचा प्रश्न आहे, आता तरी थांबा. माझ्या बायकोनं मान डोलावली, थोरलीनंही डोलावली. साडू ताटावरून उठले.

"पाच साल लांडगा आला न्हाई म्हणून कुत्र्याला उपाशी ठिवायचं?" ते म्हणाले. "आपल्या सात पिढ्यांत कुणी केलं का हे? एकानं केलं, त्याचं काय झालं ठाव हाय ना? तुमी हिंगोलीत वाढले साडूभाऊ, तुमाला कुत्रं म्हंजी दारात झोपायचं जनावर वाटतं. सुभद्राचं घर हुईस्तोवर भाकर बंद व्हनार न्हाई. हासा, मला वेडा म्हणा, बंद व्हनार न्हाई." आणि हात धुऊन पुन्हा ताटावर बसले आणि दोन करंज्या जास्त खाल्ल्या. रागानं त्यांची भूक कधी मेली नाही.

जानेवारीत त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. नांदेडला जायच्या आधी ते उलट्या दिशेच्या गाडीनं हिंगोलीला उतरले, माझ्या कचेरीत आले आणि लशीच्या रिकाम्या खोक्यात घातलेले पैसे माझ्या टेबलावर ठेवले. डोळा बरा होईपर्यंत त्यांना पंधरा दिवस नांदेडलाच पुतण्याकडं राहायचं होतं. या महिन्याची भाकर तुमी घाला, म्हणाले. आजच घाला, उद्यावर टाकू नका. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते काम दुसऱ्याच्या हातात दिलं होतं, आणि तो दुसरा मी होतो. राखीव माणूस म्हणून सुद्धा त्यांनी कुणाला नेमलं नाही.

मी उद्यावर टाकलं. आधी काम होतं, मग कंटाळा केला, आणि दुसऱ्या आठवड्यात शेठच्या दुकानासमोर रांग दिसली. एका नव्या कंपनीचे शेअर निघाले होते, लागले की दुप्पट होणार असं न्हाव्यापासून नायब तहसीलदारापर्यंत सगळे सांगत होते. माझ्या डोक्यात सुभद्राचा स्वयंपाकाचा ओटा आला. नव्या घरात ओटा नव्हता, तिला खाली बसून चूल पेटवणं जमत नव्हतं. म्हटलं, एक महिना कुत्र्याला नाही मिळालं तर काय मरतं का? यांच्या पेढ्यांऐवजी पोरीला ओटा होईल, आणि मग मी साडूंना दाखवीन कोणाचं डोकं जाग्यावर आहे ते. मी त्या रांगेत उभा राहिलो आणि खोक्यातले सगळे पैसे अर्जाबरोबर भरून टाकले. मेंढरं राखणाऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसानं कुत्र्याची भाकर रांगेत उभं राहून घालवली. गावाकडं अजून मेंढरं राखणाऱ्या माझ्या चुलत्यांना कळलं असतं तर त्यांनी मला वाड्यात पाऊल टाकू दिलं नसतं.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी बाजार कोसळला. मंगळवारी सकाळी आणखी कोसळला. मी दुकानात गेलो तेव्हा तिथं उभं राहायला जागा नव्हती. न्हाव्यानं अर्धी दाढी केलेला माणूस तसाच सोडून धाव घेतली होती. सुभद्राचे शेअर पडद्यावर लाल होऊन खाली घसरत होते आणि मला फक्त गुढीपाडवा दिसत होता. घर गेलं, इसार गेला, आणि हे मी केलं. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, वर काळा चष्मा, हातात दोन छत्र्या, असे साडू नांदेडहून पहिल्या गाडीनं आले होते.

त्यांनी शेठकडं आपल्या सौद्यांचा कागद मागितला. शेठनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि कागद दिला. तो त्यांनी उरलेल्या एका डोळ्याजवळ नेऊन वाचला, पुन्हा वाचला. त्यात नव्हतं ते कितीदा वाचलं तरी सापडणार नव्हतं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. जमीन दुभंगावी म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं. भिंतीजवळून कोणीतरी ओरडलं, काय डॉक्टर, कुत्रं कुठं गेलं तुमचं? सगळं दुकान त्यांच्याकडं बघायला लागलं. जे हसणार होते त्यांचेही स्वतःचे पैसे बुडालेले, पण दुसऱ्याचंही बुडालं तर तेवढंच बरं वाटतं माणसाला. साडूंनी कागदाची चौघडी केली, खिशात घातली.

"राखलं," ते म्हणाले. "बराबर राखलं. माझं कुत्रं कवाच झोपत न्हाई." आणि छत्र्या टेकत ते बाहेर पडले.

रस्त्यावर मी त्यांना गाठलं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, मी एकाच कुत्र्यावर कधी राहत नाही, माझ्या नावावर दुसऱ्या दलालाकडं दुसरं कुत्रं बांधलेलं आहे, तुम्ही घोर करू नका. माझा त्यांच्यावर तात्काळ विश्वास बसला. का नाही बसणार? लग्नाला दोन भटजी आणणारा माणूस. आणि खरं सांगायचं तर मला विश्वास ठेवायची फार गरज होती. आठवड्याभरात त्यांनी तुटीचे पैसे सुभद्राच्या हातात आणून दिले, शेअर विकून उरलेले त्यात घातले, आणि गुढीपाडव्याला तिच्या दारात गुढी उभी राहिली. ती दिवसभर दाराला आतून कडी लावायची, काढायची, पुन्हा लावायची. मी रांग लावून मागितलेले ते नवे शेअर दुप्पट होणं लांबच, पहिल्याच दिवशी घेतल्या भावाच्या खाली गेले होते. पेढे मात्र साडूंनी वाटले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, लांडगा आल्यावर पेढे वाटत न्हाईत. दुकानात त्यांचा दरारा वाढला. यू-यू करणारे आता स्टूल पुसून द्यायला लागले. त्याच महिन्यात मुंबईच्या बाजारानं आपला स्वतःचा भीतीचा निर्देशांक जाहीर केला, तेव्हा साडूंनी तो आपल्याच पत्रांमुळं निघाला असं तालुक्याला सांगून टाकलं आणि लगेच नवं पत्र टाकलं: आकडा काढल्याबद्दल आभारी आहे, पण आता तो विकायला कधी काढता? नुसता आकडा बघून कुत्र्याचं पोट भरत नाही.

वैशाखात डोंगरकड्याला त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. जेवणं झाल्यावर मी सहज वाड्याकडं गेलो. काट्यांचं कुंपण होतं, आत मेंढरं फार थोडी, आणि अर्धा वाडा झाडून घेतल्यासारखा रिकामा. भावाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टरनं आपल्या वाट्याची इकली की जानेवारीत. चाळीस व्हती. बापानं दिलेली. डोळ्याला पट्टी बांधून आला, एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला आन् दिली." रिकाम्या बाजूला एक म्हातारं कुत्रं बसलं होतं, त्याच्यापुढं सकाळची भाकर. दुसरं कुत्रं कधी नव्हतंच. या माणसानं कळपच विकला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाळापूरला गेलो. ते दवाखान्याच्या ओट्यावर एका वासराला औषध पाजत होते. मी रांगेपासून सगळं कबूल केलं, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी वासराचं तोंड पुसलं, मगच माझ्याकडं बघितलं.

"कागदावर दिसलंच व्हतं की," ते म्हणाले. "पर त्या दिशी कुत्र्यानं राखलं न्हाई म्हणलो असतो तर काय झालं असतं? हिंगोलीत पुन्हा कुणी भाकर घातली नसती. आन् सुभद्राच्या दारात तुमाला उभं ऱ्हाता आलं नसतं. मेंढरं काय, हुतेत. साडू एकच हाय मला." मग म्हणाले, "शिक्षा म्हणून आता दर महिन्याला तुमीच घालायची. उद्यावर टाकली तर मंग बघा."

मी घातली. त्यांच्या स्वतःच्या नावावर उरलेल्या थोड्या शेअरांसाठी, महिन्याच्या पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला. दिवाळीच्या आधी लांडगा पुन्हा आला, यावेळी टोळीनं आला, आणि माझ्या हातची भाकर खाल्लेलं कुत्रं त्याच्या अंगावर गेलं. आलेल्या पैशातून मी एकवीस मेंढरं डोंगरकड्याला पोचती केली. साडू येऊन त्यांचे दात, खूर तपासून गेले आणि दोन मेंढ्या म्हाताऱ्या आहेत, तुम्हाला फसवलं, असं ऐकवून गेले. त्यांना फार आनंद झाला होता.

पुढच्या वर्षी ते गेले. नांदेडहून येताना, एस.टी.त, वारंग्याच्या थोडं अलीकडं. संकटकालीन दरवाजाशेजारच्या सीटवर बसले होते, कंडक्टरला वाटलं झोप लागली. पिशवीत दोन छत्र्या आणि मुंबईला टाकायचं एक पत्र होतं. त्याच्यावर पत्ता लिहिलेला होता, म्हणून मी ते पेटीत टाकलं. थोरलीनं कपाटाच्या दारावरचा शेवटचा आकडा अजून पुसलेला नाही. मी तिला पुसू नको म्हटलं. मला त्यांची इतकी आठवण येते, हे मी कुणाला सांगत नाही, पण येते.

ते गेले त्या महिन्याचा शेवटचा गुरुवार आला. बाजार पडला नाही. पुट मेला, मी फोनवरून दोनदा खात्री करून घेतली. मग हलवायाकडं गेलो, पुडा घेतला आणि सुभद्राच्या घरी गेलो. ती नव्या ओट्याशी उभी राहून भाकरी करत होती. पहिली भाकर तिनं मागच्या दाराशी बसलेल्या कुत्र्यापुढं टाकली आणि कशाचे पेढे म्हणून विचारलं. लांडगा आला न्हाई, त्याचे, मी म्हणालो. तिनं पेढ्याचे दोन भाग केले, अर्धा खाल्ला आणि अर्धा कोनाड्यात ठेवला.

"असू द्या," ती म्हणाली, "न जाणो, कोणी राहिलं असलं तर."